कासवाची पिल्लं थंडीनं सुस्त पडलीत, फ्रीजमधी झोपवू का?

वसमतरोडवाला (परभणी), ९ डिसेंबर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा येगळा हाय, हसू नका. भाचा पुण्याला होता, त्यानं तिथून कासवाची दोन पिल्लं घेतली हर्मन जातीची, कागदपत्रं करून, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदबी केली म्हणतो. आता त्याला कंपनीनं दीड वर्षासाठी बाहेर धाडलं अन् कासवं आली मामाच्या गळ्यात. आईनं नावं ठेवली ग्यानबा अन् तुका. सव्वा-दीड वर्षाची असतील दोघं, माझ्या तळहाताएवढीबी नाहीत.

दिवाळीपर्यंत मस्त होती. गच्चीवर सोडली की फिरायची, जास्वंदाची फुलं खायची, पाथरीची रानभाजी दिली की तुटून पडायची. आता आठ-दहा दिवसांपासून खाईना झालीत. सकाळी बघावं तर डोळे मिटून कोपऱ्यात, हातपाय आत. दुपारी ऊन लागलं की जरा हलतात, दोन घास खातात न खातात अन् पाच वाजले की परत तसंच. परभणीची थंडी तुम्हाला माहितीच आहे, रातच्याला ७-८ वर येतंय अन् दुपारी शर्ट काढावा वाटतो.

भाच्याला फोन केला तर तो म्हणतो मामा ते शीतनिद्रेत चाललेत, नैसर्गिक हाय, व्हिडिओ बघ, लोक फ्रीजमधी ठेवतात तीन-तीन महिने. व्हिडिओ बघितला. गोरा माणूस खरंच भाजीच्या फ्रीजमधी डबे ठेवायलाय. आई म्हणती जिता जीव फ्रीजमधी ठेवला तर घर सोडून जाईन. बायको म्हणती ठेवायचा तर नवा फ्रीज आण, ह्याच्यात दूध असतंय. अन् २० तारखेनंतर येळवशीच्या सणासाठी चार-पाच दिवस सासुरवाडीला जायचंय लातूरकडं, तव्हा घरी आई एकटीच.

तर झोपवायचं का नाही? झोपवायचं तर तयारी काय करायची? का असंच खोक्यात कडबा घालून कोपऱ्यात ठेवलं तर जमतंय?

तुतीवाला (जालना जिल्हा)

भौ कडब्याच्या खोक्यात ठेवू नका एवढं पहिलं सांगतो. आमच्याकडं रेशमाचं शेड हाय, तिथं उंदीर अन् मुंग्या काय करतात ते रोज बघतो. सुस्त पडलेल्या जिवाला पळता येत नाही, मुंग्या डोळ्याला लागतात, उंदीर पाय कुरतडतो. बाकी कासवातलं मला कळत नाही, पण तुतीचा पाला लागला तर सांगा, कासवं आवडीनं खातात म्हणे. आमच्या बागेत फवारणी नसती, रेशीमकिडा मरंल ना.

परसबाग_काकू (लातूर)

आमच्या लहानपणी विहिरीत कासव होतं, त्याला कुणी फ्रीजमध्ये ठेवलं नाही की लाईट लावला नाही, चांगलं ४० वर्षं जगलं. देवळात गाभाऱ्यासमोर दगडाचं कासव असतं ते काय उगाच? हातपाय आवरून बसायचं त्याला कळतं. उगं त्याच्या मागं लागू नका, थंडी सरली की आपोआप खाईल.

अंबाजोगाईचा_म्युनिकात

काकू, राग मानू नका, पण विहिरीतलं कासव वेगळं. ते आपल्या मातीतलं, पाण्यातलं, अन् विहिरीच्या तळाचं पाणी हिवाळ्यातही कोमट असतं, पहाटे वाफा निघतात बघा. हे पिल्लू युरोपातलं आहे आणि परभणीच्या गच्चीवर खोक्यात बसलंय. ह्याला आवरून बसायला जागाच मिळालेली नाही.

दादा, मी इथं सहा वर्षांपासून हर्मन पाळतोय, तीन मोठी आणि गेल्या वर्षीची दोन पिल्लं, तर जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

तुमच्या पिल्लांना झालंय ती शीतनिद्रा नाही. ती अर्धवट झोप आहे आणि सगळ्यात वाईट तीच. कासवाच्या अंगात स्वतःची ऊब नसते, बाहेर जेवढं तेवढंच आत. ५ अंशाला त्याचं शरीर जवळजवळ बंद पडतं, हृदय कधीतरी एक ठोका देतं, चरबी फार हळू खर्च होते. ३० अंशाला ते खातं, पचवतं, हगतं. मधल्या १२-१५ अंशाला मात्र ते ना झोपलेलं असतं ना जागं, खायची इच्छा नसते पण अंगातलं खर्च होत राहतं, आणि पोटात जे काही असेल ते पचत नाही, सडतं. त्याच्यातून गॅस, जुलाब, न्यूमोनिया. तुमच्याकडं रात्री ८ आणि दुपारी २८, म्हणजे ते रोज सकाळी उठतं आणि रोज रात्री मरणाच्या दारात जाऊन बसतं. मोठं कासव हे महिनाभर सहन करेल. ७०-८० ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगात असतं काय खर्च करायला?

म्हणून आधी तीन गोष्टी सांगा. वजन किती दोघांचं, किचनच्या काट्यावर करा, एक ग्रॅमचा फरक दाखवणारा पाहिजे. दोन, शेवटचं नीट कधी खाल्लं. तीन, दोघांचे फोटो टाका, वरून, खालून आणि मागून शेपटीजवळून.

फ्रीजचं विचारलंत म्हणून सांगतो, आईला सांगा ते क्रूर नाही. जंगलात, म्हणजे स्पेन-इटली-ग्रीसकडं, हर्मनची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मातीत गाडून घेतात. इथं लोक फ्रीज वापरतात कारण घराबाहेरची थंडी कधी उणे १० कधी अधिक १२, भरवसा नाही, फ्रीज मात्र सारखा ५ वर राहतो. पण त्याच्या आधीचा महिना-दीड महिना म्हणजे खरं काम.

मी काय करतो ते सांगतो. सप्टेंबरात विष्ठा तपासून घेतो, जंत असतील तर औषध आणि मग त्या वर्षी झोप उशिरा नाहीतर रद्द. आजारी, नाक वाहणारं, डोळे सुजलेलं, वजन कमी असलेलं कासव झोपवायचं नाही, झोपेत कोणी बरं होत नाही. ऑक्टोबरात ऊब-उजेडाचा दिवा हळूहळू कमी, १२ तासांवरून १०, ८, ६. मग खाणं बंद. मोठ्यांचं तीन-चार आठवडे आधी, पिल्लांचं साधारण दोन आठवडे, पोट रिकामं झालं पाहिजे. पण खाणं बंद म्हणजे पाणी बंद नाही! इथंच लोक चुकतात. ह्या दिवसांत उलट रोज कोमट पाण्यात १५-२० मिनिटं बसवायचं, पाणी हनुवटीच्या खाली, ते मान घालून पितं आणि तिथंच हगतं. आतडं रिकामं आणि मूत्राशय भरलेलं असं त्याला झोपी जायचं असतं, ते पाणीच त्याला सगळा हिवाळा पुरतं. मग दिवा पूर्ण बंद, एक आठवडा १५ च्या खोलीत, मग १० च्या तळघरात, मग फ्रीज.

फ्रीज वेगळा, जुना घेतला, ४० युरोला. खाली पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्यात म्हणजे लाईट गेली तरी थंडावा टिकतो. थर्मामीटर तो घ्या ज्याच्यात कमीत कमी आणि जास्तीत जास्त दोन्ही दिसतं. पहिल्या वर्षी मी कासवं न ठेवता आठ दिवस नुसता फ्रीज चालवून बघितला, तर मधल्या कप्प्यात ५ आणि मागच्या भिंतीला उणे १! तिथं डबा टेकला असता तर डोळे गेले असते, बर्फात पहिले डोळेच जातात कासवाचे. १० च्या वर गेलं तर ते जागं होऊन चरबी जाळतं. ४ ते ६ मधे ठेवायचं बास. डब्याला भोकं, आत ओलसर माती आणि वाळलेली पानं, रोज एकदा दार उघडून हवा खेळवायची, आठवड्याला वजन. सगळ्या झोपेत दहा टक्क्याच्या वर वजन गेलं तर उठवायचं. आत लघवी केलेली दिसली तर त्याच दिवशी उठवायचं, कारण मग ते सुकायला लागतं. पिल्लांना मी पहिल्या वर्षी सहा आठवडेच ठेवलं होतं.

उठवताना दोन-तीन तासांत खोलीच्या ऊबेला आणायचं, कोमट पाण्यात बसवायचं, मग दिव्याखाली. आठवड्याभरात खायला लागलं पाहिजे.

आता ह्यातलं तुम्ही काय केलंय? काहीच नाही, आणि आज ९ डिसेंबर. पोटात काल-परवाचं खाणं आहे. त्यामुळे यंदा झोपवू नका, ऊब द्या. फोटो टाका मात्र, विसरू नका.

वसमतरोडवाला

भौ लई उपकार, एवढं तर आमच्या इकडं कुणी सांगितलंच नसतं. वजन केलं, सोनाराच्या काट्यावर, त्यो मित्रच हाय, म्हणला गहाण ठेवायलास का काय. ग्यानबा ७४ ग्रॅम, तुका ६८. नीट खाल्लेलं नोव्हेंबराच्या शेवटाला. फोटो टाकलेत. तुका जरा पांढरट-पिवळट हाय अन् ग्यानबा काळा-पिवळा, पण भाचा म्हणला एकाच घोसातली पिल्लं हायेत, रंग येगळा असतो.

पशुवैद्य_होणार (परभणी)

फोटो बघितले. मी इथंच व्हेटर्नरी कॉलेजला शेवटच्या वर्षाला आहे, कासवातला तज्ज्ञ नाही हे आधीच सांगतो, पण जर्मनीवाल्या दादांनी शेपटीचा फोटो कामून मागितला ते कळलं मला.

मामा, ही दोन भावंडं नाहीत. दोन वेगळ्या जाती आहेत.

ग्यानबा हर्मन वाटतो. शेपटीच्या टोकाला नखासारखा कडक भाग दिसतो, मानेच्या वर कवचाला पुढची बारीक उभी खपली (कवचाचा तुकडा) आहे, खाली पोटावर दोन काळे पट्टे आहेत. तुकाला ती मानेवरची खपलीच नाही, तिथं खाच आहे. मागच्या मांड्यांना काट्यासारखे टोकदार खवले दिसतात, आत्ता बारीक आहेत पण आहेत. प्रत्येक खपलीच्या कडेनं तपकिरी रेघ. हा सुलकाटा आहे, आफ्रिकेतला, सहाराच्या दक्षिणेकडचा. तो शीतनिद्रा घेतच नाही! त्याच्या मुलखात थंडी झोपून काढायची सवयच नाही, तो उन्हापासून वाचायला बीळ खणतो. त्याला तुम्ही फ्रीजमधी ठेवलं असतं तर तो उठलाच नसता.

दादा चुकत असेन तर दुरुस्त करा.

अंबाजोगाईचा_म्युनिकात

बरोबर ओळखलंस रे, शंभर टक्के. मला रंगावरूनच शंका आली होती पण फोटो बघितल्याशिवाय बोलायचं नव्हतं.

दादा, तुमच्या भाच्याला विकणाऱ्यानं गंडवलं. हर्मन मोठा झाला तरी वीतभर राहतो, तीन-चार किलोच्या आत. सुलकाटा ४०-५० किलोचा होतो, काही त्याहून मोठे. अंगणात रेडकू बांधल्यासारखं होईल.

आणि दोघांना एका खोक्यात ठेवू नका आता. वेगळ्या खंडातली कासवं, एकाच्या अंगात जे जंतू गुण्यागोविंदानं राहतात ते दुसऱ्याला आजारी पाडतात.

वसमतरोडवाला

आई शप्पथ. ५० किलो???

भाच्याला मेसेज केला, तो झोपलाय तिकडं. आईला सांगितलं तर म्हणती तुका मोठा होणारच होता.

म्हणजे आता दोघांनाबी जागं ठेवायचं ना? ते कसं? हिटर लावून ठेवू का खोलीत? बिल किती येईल. अन् लाईटीचं आमच्या इकडं तुम्हाला माहितीच हाय.

तुतीवाला (जालना जिल्हा)

हे सोपं हाय. पोल्ट्रीवाले कोंबडीची पिल्लं कशी ठेवतात? ब्रूडर. एक मोठं लाकडी खोकं, वर बल्ब टांगलेला, एका कोपऱ्यात गरम, दुसऱ्यात थंड, पिल्लू आपलं आपण जागा धरतं. अंडी उबवायच्या मशीनला असतो तो छोटा थर्मोस्टॅट लावा, दोन-तीनशे रुपयाला मिळतो, ठरलेल्या अंशाला बल्ब आपोआप बंद-चालू. अख्खी खोली कशाला तापवता.

पशुवैद्य_होणार (परभणी)

तुतीवाले भौंचं एकदम बरोबर, फक्त रात्रभर पांढरा बल्ब पेटता ठेवू नका, त्यांना अंधार लागतो झोपायला. उजेड न पाडणारा सिरॅमिक हीटर मिळतो, बल्बच्याच होल्डरमधी बसतो, होल्डर तेवढा चिनीमातीचा घ्या, प्लास्टिकचा वितळतो. कागद, कडबा, काही जळणारं त्याच्याजवळ नको. गरम कोपरा दिवसा ३०-३२ ठेवा. रात्री हर्मनचं १८-२० ला भागतं, सुलकाट्याला २२-२४ असलेलं बरं. दोघांचे खोके वेगळे करायचेच आहेत तर तसं सेट करता येईल.

दुपारी ११ ते ३ गच्चीवर उन्हात सोडा, ह्याला पर्याय नाही. काचेतून येणारं ऊन चालत नाही, कवच अन् हाडं घट्ट व्हायला जो किरण लागतो तो काच अडवती. आपल्याकडचं हिवाळ्यातलं ऊन फुकटात एवढं चांगलं आहे की युरोपवाले त्याच्यासाठी महागाचे दिवे घेतात. वर जाळी टाका, घारी अन् कावळे बघत असतात. अर्धी सावली असू द्या. खाली आणल्यावर रोज नाहीतर दिवसाआड कोमट पाण्यात बसवा.

खायला पाथरी, जास्वंदाची पानं-फुलं, तुतीचा पाला, फड्या निवडुंग काटे जाळून. टमाटे, केळी, भाकरी, दूधभात असलं काही नाही. लसूणघास लई देऊ नका. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, माखलीचं हाड असतं ते, एक तुकडा खोक्यात टाकून ठेवा, ते आपलं आपण कुरतडतात.

अन् एक गोष्ट मोठ्या अक्षरात वाचा. कुणी डॉक्टरनं जंतासाठी आयव्हरमेक्टिन टोचतो म्हणलं तर हात धरा. आपल्याकडं गुरांना, शेळ्यांना, कुत्र्यांना गोचिडापासून खरुजेपर्यंत सगळ्याला तेच टोचतात, सवय लागलेली असती. कासवाला ते विष आहे. अंग लुळं पडतं, श्वास थांबतो. मह्या ओळखीत एकाचं कासव असंच गेलं, इंजेक्शन देणाऱ्याचा हेतू चांगला होता बिचाऱ्याचा, त्याच्यापुढं कासव कधी आलंच नव्हतं. आधी विष्ठेची तपासणी, अंडी दिसली तर फेनबेंडाझोल, वजनावर मोजून. हेतूनं कासव वाचत नाही.

चांदणीवाला

मह्याकडंबी एक हाय, पाठीवर पिवळ्या चांदण्या, पाहुण्यानं कर्नाटकातून आणून दिलं, घरात ठेवलं की पैसा येतो म्हणला. ते बी थंडीत खाईना झालंय. त्याला हाच बल्ब चालंल का?

पशुवैद्य_होणार (परभणी)

भाऊ, बल्ब चालेल, पण ते कासव चालणार नाही. तुमचं ते भारतीय स्टार, चांदणी कासव. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. २०१९ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीतही सगळ्यात वर. घरात ठेवणं गुन्हा आहे, पाहुण्यानं दिलं म्हणून सुटका नाही. ह्याची नोंदबिंद कुठं होत नसती. वनविभागाचा १९२६ नंबर आहे, त्याच्यावर फोन करून स्वतःहून द्या. अन् नदीकाठी नेऊन सोडू नका, ते पाण्यातलं नाही, बुडून मरतं. तोपर्यंत गरम ठेवा, ते शीतनिद्रा घेत नाही.

पैसा आला का हो मग?

चांदणीवाला

पाहुण्याला आला. २ हजार घेतले त्यानं.

परसबाग_काकू (लातूर)

वाचून शहाणी झाले. विहिरीतल्या कासवाचं मी मागं घेत नाही हां, पण ते अर्धवट झोपेचं पटलं. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवायचो तसंच की हे. वसमतरोडवाले भाऊ, तुम्ही येळवशीला लातूरला येणार तर आई एकटी, लाईट गेली तर काय करणार त्या? गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवायला सांगा, चार तास तरी जातील.

अंबाजोगाईचा_म्युनिकात

काकू, हे माझ्या डोक्यात नव्हतं आलं. बाटली एका बाजूला ठेवायची, पिल्लाला हलायला जागा सोडून, आणि वरून गोधडी, हवेला फट ठेवून. दोन-चार तासांनी काही बिघडत नाही, रोजच्या रोज रात्रभर गार पडणं वाईट.

दादा, कागदाचं पण बघा. २०२४ चे नियम आहेत, असल्या परदेशी प्राण्यांची नोंद परिवेशवर होते आणि ती मुख्य वन्यजीव रक्षकाकडं जाते. तुमच्या कागदावर दोन हर्मन असणार आणि घरात एक सुलकाटा. जात चुकीची लिहिलीय ती दुरुस्त करून घ्या, आणि ताबा भाच्याकडून तुमच्याकडं आला तेही कळवावं लागतं. भाच्याला लावा कामाला, त्याच्याच नावावर आहे ना.

वसमतरोडवाला, १४ डिसेंबर

अपडेट. दोन खोके केले, एक फर्निचरवाल्याकडनं आणलं, दुसरं म्हणजे बायकोचा जुना गव्हाचा डबा आडवा करून (परवानगीनं). सिरॅमिक हीटर परभणीत नव्हता, नांदेडहून मागवला. तोवर तीन दिवस बल्ब दिवसा, रात्री बाटल्या. आई रात्री दोनला उठून बाटली बदलायली, मला सांगितलंबी नाही, मला सकाळी किटली गॅसवर दिसली तव्हा कळलं. फ्रीजवरनं घर सोडून जाणार होती ती हीच.

ग्यानबा तिसऱ्या दिवशी खायला लागला. जास्वंदाचं फूल पुढं धरलं, पहिले नुसता वास घेतला, मान लांब केली, मग तोंड उघडून एक चावा अन् पाकळी नाकावर चिकटली, ती काढायला पुढच्या पायानं खसाखसा. तुका अजून खात नाही, पण डोळे उघडे हायेत अन् कोमट पाण्यात बसवलं की गटागटा पितो. पाण्यात पांढरं खडूसारखं काहीतरी सोडलं त्यानं, ते काय असतंय?

पशुवैद्य_होणार (परभणी)

ते युरेट, लघवीतलंच. मऊ, दह्यासारखं असलं तर ठीक. रवाळ, वाळूसारखं लागलं तर पाणी कमी पडलंय. बोटात धरून बघा.

वसमतरोडवाला

जरा रवाळ हाय.

पशुवैद्य_होणार (परभणी)

मग दिवसातून दोनदा बसवा पाण्यात, आठवडाभर. अन् रविवारी घेऊन या दोघांना, विष्ठा एका डबीत, ताजी. सरांना दाखवू.

वसमतरोडवाला, ११ फेब्रुवारी

बरेच दिवस झाले, दोघा-तिघांनी मेसेज करून विचारलं म्हणून टाकतो. विष्ठेत तुकाला जंताची अंडी निघाली, सरांनी औषध मोजून दिलं, थेंबात. नंतर सहाव्या दिवशी खायला लागला तो जो लागला, आता थांबना झालाय. तुतीवाल्या भौंनी एसटीच्या पार्सलनं पाला धाडला, गोणीभर! दोन कासवांना गोणी. अर्धा शेजारच्या शेळीनं खाल्ला.

येळवशीला गेलो होतो तव्हा दोनदा लाईट गेली, आईनं निभावलं. काकू, तुमची बाटली कामाला आली.

वजन आज सकाळचं, सोनाराकडचंच. ग्यानबा ८१, तुका ९७. भाच्यानं दुरुस्तीचा अर्ज टाकलाय, अजून उत्तर नाही. विकणारा फोन उचलत नाही.

भौ, तुम्ही म्हणला होता ग्यानबाला पुढच्या वर्षी चालंल, तो हर्मन हाय म्हणून. आमच्या मेसवाल्याकडं जुना एकदारी फ्रीज हाय, ८०० म्हणतो. घेऊन ठेवू का आत्ताच? अन् परभणीत ५ अंश धरंल का तो, का त्याला स्टॅबिलायझर लागंल?

अंबाजोगाईचा_म्युनिकात

मी तसं म्हणालो नव्हतो दादा, तुम्ही ऐकलं तसं. :) आधी १०० ग्रॅमच्या वर जाऊ द्या, ऑक्टोबरात विष्ठा परत तपासा, मग बघू. अन् झोपवलं तरी तुमच्याकडं सहा आठवडेच, डिसेंबर मध्य ते जानेवारी संपेपर्यंत, फेब्रुवारीत तुमच्याकडं ऊनच एवढं की उठल्यावर अडचण नाही. नाही झोपवलं तरी काही बिघडत नाही, लहानपणीची दोन-तीन वर्षं जागं ठेवणारे पुष्कळ जण आहेत.

फ्रीज घेतलाच तर उन्हाळ्यात रिकामा चालवून थर्मामीटर ठेवा, रोज सकाळ-संध्याकाळ आकडे लिहून इथं टाका. स्टॅबिलायझर लागेलच. आणि एकदारी जुन्या फ्रीजला वर बर्फाचा कप्पा असतो, त्याच्या खालीच गारठा उतरतो, म्हणून वरचा खण सोडून बोला.

तुतीवाला (जालना जिल्हा)

८०० ला घेऊ नका, त्या मॉडेलचा काँप्रेसर गेला की भंगारात ५०० येतात. ६०० म्हणा. अन् तुकासाठी पुढच्या वर्षी एक एकर तुती लावतो वाटतं मी.